काउबॉय पाठशाळेत

आधी हातातला कप खाली ठेवा. नाही, खरंच ठेवा! मागच्या वेळी हे सांगितलं तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला होता, आणि गालिचा माझा होता.

तर माझी जी काही शोभा झाली ती माझ्या चालण्यामुळे. म्हणजे चालचलणूक नव्हे हो. चालणं! पायांनी!

माझे बाबा तरुणपणी काउबॉयच्या पिक्चरांचे भक्त. पुण्यात कॅम्पातल्या एका थेटरात रविवारी सकाळी इंग्रजी पिक्चर लागायचे. बाबा आणि त्यांचे दोस्त नाना पेठेतून चालत जायचे. इंग्रजीचा एक शब्द कळायचा नाही. पण काउबॉयच्या पिक्चरला इंग्रजी लागतं कुठं? हिरो बोलतो किती? घोड्यावरून उतरतो, डोळे बारीक करतो, थुंकतो, गोळी घालतो. संपलं!

बाबांनी भाषा सोडली आणि बाकी सगळं उचललं. पट्ट्यात दोन्ही अंगठे अडकवायचे. एक खांदा पाडायचा. कंबर एका अंगाला कलती ठेवून सावकाश पाय फेकत चालायचं. दातात आगपेटीची काडी. डोळे असे बारीक, की समोर लांबच लांब वाळवंट पसरलंय. समोर असायचं काय? तर किराणा दुकान! ओळखीचं कोणी भेटलं की नमस्कार नाही. दोन बोटं कपाळाला लावायची. टोपी नव्हतीच, पण ती आहे असं धरून.

मी त्यांचं बोट धरून चालायला शिकलो, तो तसाच शिकलो. आई वैतागायची. "एक कमी होता म्हणून दुसरा तयार केलात!" लक्ष्मी रोडवर ती आमच्या बरीच पुढं चालायची, आमची ओळखच नसल्यासारखी.

आता आई नाही. बाबा पुण्यात एकटे आणि मी जर्मनीत ब्राउनश्वाइगला एकटा. आई होती तेव्हा माझा फोन आला की बाबा "थांब, आईला देतो" म्हणायचे आणि मोकळे व्हायचे. आता द्यायला कोणी नाही. त्यामुळे आमचे फोन फार छोटे असतात. "जेवलास?" "हो. तुम्ही?" "हो." "थंडी?" "आहे." मग दोघंही थोडा वेळ फोन धरून गप्प बसतो आणि ठेवून देतो. दोन काउबॉय, दुसरं काय!

मी गाड्यांच्या ब्रेकचं काम करतो. कामाचं इंग्रजीत भागतं. पण कॉफीच्या मशीनपाशी सगळे जर्मनमध्ये शिरतात आणि मी कपाकडं बघत उभा राहतो. दुपारी बारा वाजता जो दिसेल तो "मालत्साइट" म्हणतो. म्हणजे जेवायची वेळ झाली. मीही म्हणतो "मालत्साइट". झालं आमचं संभाषण!

आणि रविवार! दुकानं बंद, रस्ते रिकामे. शनिवारी बेकरीतल्या बाईंना निघताना "चुस" म्हटलं की सोमवारपर्यंत तोंडातून शब्द बाहेर पडायचा नाही. एकदा मी रविवारी मुद्दाम मोठ्यांदा "अरे वा!" म्हणून बघितलं, आवाज आहे का ते. होता. घोगरा.

अशाच एका रविवारी दुपारी भिंतीतून टापांचा आवाज आला. मग गोळीबार! शेजारी हेर क्रुझे, म्हणजे क्रुझेसाहेब, राहतात, सत्तरीच्या पुढचे, कानानं कमी. त्यांच्या टीव्हीवर जुना काउबॉयचा पिक्चर लागला होता. मी माझा टीव्ही लावला, चॅनेल शोधून काढलं. हिरो चक्क जर्मन बोलत होता! आणि काय सांगू, मला सगळं कळलं. "जा." "नाइन." "कम!" हो, नाही, ये, एवढंच तर बोलतो! भिंतीच्या पलीकडं क्रुझे आणि अलीकडं मी, असा आम्ही अख्खा पिक्चर सोबत बघितला. त्यांना पत्ता नव्हता, तो भाग वेगळा. त्यानंतर दर रविवारी हेच. क्रुझेंच्या घरी घोडे धावले की मी चहा टाकायचो.

एका सोमवारी वाटलं, बाबा इंग्रजी न येता कॅम्पात राजासारखे चालायचे. मी का इथं असा भिंतीला चिकटून चालतो? पट्ट्यात अंगठे अडकवले, खांदा पाडला, कंबर कलती केली आणि ऑफिसच्या कॉरिडॉरमधून निघालो. सावकाश.

फ्राउ लिंडनर खोलीतून बाहेर आल्या. ऑफिसच्या किल्ल्या, खुर्च्या, टेबलं सगळं या बाईंच्या ताब्यात. इतक्या महिन्यांत माझ्याशी "मालत्साइट"च्या पुढं गेल्या नव्हत्या. त्या दिवशी थांबल्या. वरपासून खालपर्यंत बघितलं. माझ्यासारखीच कंबर कलती करून दाखवली, तिथं हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "र्‍युकन?"

हा शब्द मला माहीत नव्हता. पण अर्थ ताबडतोब कळला! ही ऐट, हा डौल, ही चाल, याला जर्मनमध्ये र्‍युकन म्हणतात. र्‍युकन म्हणजे रुबाब! उच्चारातसुद्धा सारखेपणा आहे की नाही?

तुम्ही म्हणाल, मोबाइलवर बघायचं नाही का? अहो, ज्याचा अर्थ आपल्याला कळलाय अशी खात्री आहे, तो शब्द कोण बघतं?

"जा!" मी म्हटलं. "र्‍युकन! वडिलांकडून आलाय."

"ओ जे!" त्यांनी छातीवर हात ठेवला. "कधीपासून?"

"लहानपणापासून."

"आणि वडिलांना अजून आहे?"

"त्यांचा माझ्यापेक्षा मोठा!" मी हातांनी केवढा ते दाखवलं.

"मग तुम्ही करता काय?"

एवढं जर्मन मला येत होतं. "रोज सराव करतो!"

"गेनाऊ! अगदी बरोबर!" बाईंचे डोळे पाणावले. "सराव हाच खरा उपाय."

मला वाटलं, काय रसिक बाई आहे!

दुसऱ्या दिवशी माझ्या जागी नवी खुर्ची. उंच पाठीची, हातांना आधार, खाली सतरा खटके. त्याच्या दुसऱ्या दिवशी टेबल. बटण दाबलं की वर जाणारं! मी त्यामागं उभा राहिलो की थेट बारच्या काउंटरपाशी उभा असल्यासारखं वाटायचं. कोपर टेकवून सगळ्यांकडं डोळे बारीक करून बघायचो. लोक काळजीनं माझ्याकडं बघायचे. मला ती काळजी आहे हे कुठं ठाऊक? मला वाटायचं, दरारा!

मीटिंगला मी गेलो की तीन जण खुर्च्या पुढं करायचे. मी एकही घ्यायचो नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहायचो, दातात कँटीनमधली टूथपिक. "नाइन," म्हणायचो, हिरोसारखं, घशातून. सगळे एकमेकांकडं बघायचे. किती सोसतो हा माणूस! काडी दातात घट्ट धरून कळ काढतोय! आणि मी दोन बोटं कपाळाला लावली की बाजूचा, मला घेरी येतेय असं समजून, उठून खिडकी उघडायचा.

फ्राउ लिंडनरनी मला एक छोटी उशी आणून दिली. आत चेरीच्या बिया. ती गरम करतात म्हणे. एरवी विचारलं असतं कशाला, पण इथं येऊन मला पहिल्यांदा कोणी काही दिलं होतं. मी ती गरम करून पोटाशी धरून झोपायचो. मग बाई संध्याकाळी मला गाडीतून घरी सोडायला लागल्या. वाटेत त्या बोलायच्या, मी "जा" आणि "गेनाऊ" म्हणायचो. त्यांच्या बहिणीलाही र्‍युकन होता. पोस्टमनलाही होता. मला जरा आश्चर्य वाटलं, त्यांचा पोस्टमन मी बघितला होता. पण असेल, तरुणपणी!

इतकं कौतुक झाल्यावर माणूस आणखी फुगणार की नाही? मी खांदा आणखी पाडला. पाय आणखी फेकला. बेकरीत जाऊन माझ्याकडं रुबाब आहे हे छाती काढून सांगितलं, "इश हाबे र्‍युकन!" बेकरीवाल्या बाईंनी पाव माझ्या पिशवीत स्वतः भरून दिले आणि दार उघडून धरलं. जिन्यात हेर क्रुझे भेटले. त्यांनाही सांगितलं. ते कठड्याला धरून उभे होते, पार वाकलेले. म्हणाले, "इश आउख!" मलाही आहे! मी त्यांच्याकडं नीट बघितलं, आणि माणसाचा आत्मविश्वास असावा तर असा, असं म्हणून वर गेलो.

मग एक दिवस फ्राउ लिंडनर म्हणाल्या, "तर, गुरुवारी संध्याकाळी तुम्हाला र्‍युकनशूलेला घेऊन जाते. मी बोललेय त्यांच्याशी."

शूले म्हणजे शाळा. रुबाबाची शाळा! मी म्हटलं, हे जर्मन लोक! रुबाबाचीसुद्धा शाळा काढली! प्रमाणपत्रही देत असतील.

फाशिंगचे दिवस होते. सोंगं घेऊन मिरवायचा सण, त्यामुळे दुकानात काउबॉयच्या टोप्यांचा ढीग. एक घेतली. गळ्याला लाल रुमाल, मोठ्या बकलचा पट्टा, बूट. गुरुवारी फ्राउ लिंडनरनी गाडीत मला बघितलं आणि गाडी सुरू केली. फाशिंग आहे, असं समजल्या असतील. किंवा दुखण्यातही बिचारा हसरा राहतो, असं.

एका क्रीडामंडळाचा हॉल. आत माणसं गाद्यांवर आडवी पडलेली. ट्रॅकसूट घातलेली, पिकल्या केसांची, कोणी गुडघा छातीशी धरलेला, कोणी मांजरासारखं चार पायांवर. त्यात एका गादीवर हेर क्रुझे! मी त्यांना दोन बोटं कपाळाला लावून सलाम ठोकला. शिकवणारी याना नावाची चटपटीत मुलगी होती. तिनं हात मिळवला.

"जरा चालून दाखवा बघू. रोज चालता तसं."

हा माझा क्षण! मी हॉलच्या टोकाला गेलो. टोपी खाली ओढली. अंगठे पट्ट्यात. मग निघालो. इतका सावकाश, इतका कलता, की बाबासुद्धा कधी चालले नसतील. टाक... टाक... टाक. मध्यावर थांबलो. डोळे बारीक केले. दातातली काडी या बाजूची त्या बाजूला केली. मान हळूच वळवून सगळ्यांकडं बघितलं.

एका आजींनी तोंडावर हात ठेवला होता. याना खुर्ची घेऊन धावत आली.

"बसा! बसा! एवढं असून तुम्ही कामावर जाता?"

तिनं मला दोन्ही खांद्यांना धरून बसवलं, कोपऱ्यातून स्टँडला टांगलेला एक प्लॅस्टिकचा पाठीचा कणा आणला, मणके बोटानं खुळखुळवले आणि लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली, "हा आपला र्‍युकन."

मी कण्याकडं बघितलं. कण्यानं माझ्याकडं.

र्‍युकन म्हणजे पाठ! र्‍युकनशूले म्हणजे पाठशाळा! अगदी शब्दशः!

आणि मग मला एकेक आठवायला लागलं. "माझी पाठ गेलीय, वडिलांकडून आलीय, त्यांची माझ्यापेक्षा मोठी." खुर्ची. टेबल. चेरीच्या बिया. पोस्टमन! बेकरीत छाती काढून सांगितलेलं! घाम फुटला हो मला टोपीखाली.

खुलासा करायचा, तर तेवढं जर्मन कुठं येतंय? किनो म्हणजे सिनेमा, एवढं ठाऊक! मी उठलो. "नाइन र्‍युकन! किनो! काउबॉय! पापा!" म्हटलं आणि बोटांचं पिस्तूल करून झाडलं. पाठदुखीबरोबर डोक्याचंही काही असावं, असं यानाच्या चेहऱ्यावर दिसलं. मग मी घोड्यावर बसल्याचं केलं, उतरल्याचं केलं, थुंकल्याचं केलं. ते बघून फ्राउ लिंडनर हळूहळू लाल होत गेल्या.

तेवढ्यात हेर क्रुझे गादीवरून उठले. उठायला त्यांना बराच वेळ लागला. ट्रॅकसूटच्या इलॅस्टिकमध्ये अंगठे अडकवले, डोळे बारीक केले आणि चालून दाखवलं. तीच चाल! जरा सरळ, पण तीच! "रविवारी दुपारी," ते म्हणाले, "आम्ही सगळी पोरं पिक्चर बघून असंच चालत घरी यायचो!" झालं! हॉल उसळला. एका आजोबांनी काठीची बंदूक केली, आजींनी मरून दाखवलं. इतकी हसली माणसं, की दोघातिघांची पाठ खरंच धरली.

मी आनंदानं मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये क्रुझेंना म्हणालो, "तुम्ही रविवारी पिक्चर लावता ना, तो मला भिंतीतून ऐकू येतो!"

हे वाक्य मी बोलायला नको होतं. पण ते नंतर.

यानानं माझी पाठ तपासली. वाकवलं, वळवलं, दाबलं. "तुमची पाठ तर एकदम ठणठणीत आहे! अभिनंदन!" मग जरा ओशाळून म्हणाली, "हा वर्ग डॉक्टरांनी पाठवलेल्यांसाठी आहे. तुम्हाला नाही थांबता येणार."

"मी नुसता बसतो," मी म्हटलं.

"नाही हो. नियम आहे."

फ्राउ लिंडनर म्हणाल्या, त्यांना एका ठिकाणी जायचंय, तर मी ट्रामनं जाऊ शकेन ना, आता? "आता" वर जरा जोर होता. मी बाहेर थंडीत टोपी हातात घेऊन ट्रामची वाट बघत उभा राहिलो. खिडकीतून आतली माणसं दिसत होती. सगळी दुखरी माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसत होती, आणि एकटा धडधाकट मी बाहेर.

सोमवारी खुर्ची गेली. बुधवारी टेबल. तक्रार नाही माझी. एका माणसाला खरंच पाठदुखी होती, त्याला दिलं. दोन दिवस कोणीकोणी "काउबॉय!" म्हणून हाक मारली, मग तेही संपलं. पुन्हा "मालत्साइट". फ्राउ लिंडनरनी चेरीची उशी मात्र परत मागितली नाही.

म्हटलं ठीक आहे, रविवार तर आपला आहे! दुपारी चहा टाकला, भिंतीला कान लावून बसलो. टापा नाहीत. गोळ्या नाहीत. पुढच्या रविवारीही नाहीत. जिन्यात हेर क्रुझे भेटले, खुशीत होते.

"फार त्रास दिला मी तुम्हाला इतके दिवस! सांगितलंत ते बरं झालं. आता हेडफोन घेतलाय!"

आभार मानून "डांके" म्हटलं. एकत्र बघू या का, असं विचारायला जर्मन येत नव्हतं. खरं म्हणजे तेवढं येत होतं. धीर झाला नाही.

त्या दिवशी घर इतकं शांत होतं, की मी बाबांना फोन लावला. "जेवलास?" झालं, "थंडी?" झालं, आणि आता दोघं गप्प बसणार, तेवढ्यात मी सगळं सांगून टाकलं. र्‍युकन, उशी, टोपी, कणा, सगळं! बाबा हसायला लागले. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. हसता हसता खोकला आला, पाणी प्यायले, पुन्हा हसले.

मग म्हणाले, "अरे, चूक तुझी नाही. ती चालच चुकीची आहे."

"म्हणजे?"

"आम्ही स्वस्तातलं तिकीट काढायचो. अगदी पुढची रांग, त्यातही भिंतीकडचा कोपरा. तिथून पडदा तिरका दिसायचा. घोडा तिरका, डोंगर तिरका, हिरोही तिरका. मला वाटायचं तो चालतोच तसा! आम्ही कोपऱ्यातले चौघंही तसेच चालायला शिकलो."

"मग कळलं कधी?"

"तू शाळेत होतास तेव्हा. तोच पिक्चर पुन्हा लागला, या वेळी मधल्या खुर्चीवर बसलो. बघतो तर काय, हिरो सरळ चालतोय! ताठ!"

"मग मला सांगितलं का नाहीत, बाबा?"

पलीकडं पाण्याचा आणखी एक घोट घेतल्याचा आवाज आला.

"सांगणार होतो रे. पण तू इतका छान चालायचास माझ्याबरोबर. म्हटलं, राहू दे."

आम्ही पुन्हा गप्प बसलो. पण फोन बराच वेळ कोणी ठेवला नाही.

तर दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, आता सरळ चालायचं. खऱ्या हिरोसारखं! घरातून निघालो तो खांदे समान, कंबर मध्यावर, मान ताठ. आयुष्यभर तिरकं चाललेल्या शरीराला हे झेपणार कसं? ट्रामच्या स्टॉपपाशी बर्फ साचलं होतं. पाय जरासा सरकला, मी सरळच राहायचा हट्ट केला आणि कमरेत जी काही कळ आली म्हणता! डोळ्यांपुढं पुण्याचे सगळे डॉक्टर येऊन गेले.

कसाबसा ऑफिसला पोचलो. एका अंगाला वाकडा. खांदा पडलेला. दोन्ही हात कमरेत रुतवलेले. डोळे कळेनं बारीक, दात आवळलेले. कॉरिडॉरमधून एकेक पाऊल टाकत निघालो.

फ्राउ लिंडनर खोलीतून बाहेर आल्या. मी केविलवाणा चेहरा करून म्हटलं, "र्‍युकन! आता खरंच र्‍युकन!"

त्यांनी सगळ्यांना हाका मारून बाहेर बोलावलं. खोल्याखोल्यांतून माणसं आली आणि त्या अख्ख्या कॉरिडॉरनं मला टाळ्या दिल्या! "ब्राव्हो!" बाई डोळे पुसत म्हणाल्या, "तेव्हा जरा खोटं वाटायचं हो. आज मात्र अगदी खरं वाटलं!"

टाळ्या थांबेचनात. कलाकारानं अशा वेळी वाकून अभिवादन करायचं असतं, हे मलाही कळतं. पण मला वाकताच येत नव्हतं.